कावळ्याबद्दल कुणी विचारलं होतं?

(वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं. या महिन्यात तीनच पत्रं घेतली आहेत, कारण पहिल्यानेच निम्मी जागा खाल्ली.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ४४ वर्षांचा, चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. कॉलेजात असल्यापासून अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो, शाळाशाळांतून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवतो. घरात आई सोडून कुणी देवदेव करत नाही. तिच्या करण्याला मी कधी आडवा आलेलो नाही.

जानेवारीत वडील गेले, पहाटे साडेतीनला. एसटीत मेकॅनिक होते. शेवटची दोन वर्षं आमचं फारसं बोलणं नव्हतं, पण तो वेगळा विषय. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणून मी लगेच नेत्रपेढीला फोन केला. आत्या म्हणाली, 'डोळे काढले तर पुढच्या जन्मी आंधळा येईल माझा भाऊ.' आई म्हणाली, 'त्याने सांगितलंय ना, होऊ दे,' आणि तिने सही केली.

दहाव्याला ओंकारेश्वरावर गेलो. विधी धाकट्या भावाने केले, मी करणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पिंड ठेवला, कावळा येईना. वीस मिनिटं झाली, पाऊण तास झाला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले. भाऊ म्हणाला, 'बाबा, काळजी करू नका.' मामाही काहीतरी म्हणाले. मग आई माझ्याकडे वळली, 'तू म्हण की रे काहीतरी. तुझ्यातच अडकलाय जीव त्यांचा.' मी म्हणालो, 'आई, इथे सकाळपासून डझनभर पिंड झालेत, त्यांची पोटं भरलीत. शिवाय आपण पन्नास माणसं कोंडाळं करून उभे आहोत, कावळा संशयी पक्षी आहे.' दोघंतिघं हसले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि उरकलं.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. वाढते, औषध आणलंस का विचारते, पण सगळं नातीमार्फत. सकाळी गॅलरीच्या कठड्यावर कावळ्याला भात ठेवते, तोही मी अंघोळीला गेलो की. आता वर्षश्राद्ध येतंय. बायको म्हणते, माफी मागून मोकळे व्हा. पण मी खोटं काय बोललो? माफी मागितली तर वीस वर्षं जे सांगत आलो ते सगळं पाण्यात. चुकलो असेन तर नेमकं कुठे, ते सांगा.
— एक वाचक, पुणे

उत्तर : कावळ्यांबद्दल तुम्ही बोललात ते अक्षर न् अक्षर खरं आहे. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तुम्हाला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

फक्त कावळ्याबद्दल तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही घाईघाईने टाकून पुढे सटकला आहात. 'शेवटची दोन वर्षं आमचं फारसं बोलणं नव्हतं, पण तो वेगळा विषय.' अहो, वेगळा कसा? घाटावर आईने तोच विषय काढला होता. 'तुझ्यातच अडकलाय जीव' याचा याहून सरळ अर्थ मला तरी लागत नाही. घरात जे कुणी बोलत नव्हतं ते बोलून टाकायला तिला एक जागा मिळाली होती, आणि तिने तुमच्यासाठी दार उघडून धरलं होतं. तुम्ही तिला बिजागरी कशी बसवतात ते सांगितलंत.

दहाव्याचे प्रसंग मी चार-पाच अगदी जवळून पाहिलेत. पिंड ठेवून माणसं मागे सरतात. पहिली दहा मिनिटं सगळे गप्प असतात. मग कुणीतरी घसा खाकरतं आणि मेलेल्या माणसाला उद्देशून जिवंत माणसांची कामं सांगायला लागतं. मुलीचं लग्न आम्ही करू. कर्ज फेडू. वहिनींना अंतर देणार नाही. चारचौघांत, मोठ्याने. एरवी आपल्याकडचे पुरुष असलं बोलणं मरेपर्यंत टाळतात हो. १९८१ साली वाईला कृष्णेच्या घाटावर माझ्या वडिलांचा दहावा होता. माझ्या थोरल्या काकांनी शेताच्या बांधावरून वडिलांशी नऊ वर्षं अबोला धरलेला. कावळा येईना. ऊन चढलं, गुरुजी दुसऱ्या यजमानांकडे बघायला लागले. तेव्हा काकांनी उपरणं सारखं केलं, नदीकडे तोंड केलं आणि म्हणाले, 'बापू, बांध मागं घेतो.' कावळा त्यानंतरही आला नाही, दर्भाचाच करावा लागला. बांध मात्र त्या उन्हाळ्यात मागे गेला. चार हात.

आणि दर्भाचा कावळा म्हणजे काय, याचा विचार केलात कधी? ज्यांनी हा विधी बांधला त्यांनाही माहीत होतं की पक्षी कधी येतो, कधी येत नाही. पोट भरलेलं असतं, माणसांना भितो. त्यांनी सोय करूनच ठेवली. तुम्ही जे आईला शिकवायला गेलात ते गुरुजींच्या पिशवीत आधीपासून होतं.

आता माझं ऐका. मी तुमच्यापेक्षा वाईट वागलेली आहे. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या तो दिवस. शाळा सुटल्यावर घरी आले तर सासूबाई देव्हाऱ्यातला पितळी गणपती पाटावर मांडून चमच्याने दूध पाजत होत्या, भोवती चाळीतल्या सात-आठ बायका. मी काय करावं? चमचा घेतला, म्हटलं, 'थांबा, गंमत दाखवते.' आणि न्हाणीघरातल्या पितळी नळाला दूध पाजलं. नळही प्यायला! चमच्याची कड ओल्या धातूला टेकली की दूध पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतं, तो पटकन दिसत नाही, इतकंच. नळाखाली मी काळी पाटी धरली, पांढरा ओघळ सगळ्यांना दिसला. बायका खो-खो हसल्या. कुणाकडे बघून हसल्या ते मला तेव्हा दिसलं नाही. सासूबाईंनी गणपती पुसला, आत नेऊन ठेवला आणि रात्री जेवल्या नाहीत.

त्या आठवड्यात माझ्या धाकट्या दिरांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं होतं. मला माहीत होतं. पण ऑपरेशन आणि दूध या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या, त्यांच्या डोक्यात एकाच. चार वर्षांनी त्यांनी एकदाच विषय काढला, तोही भाजी निवडताना : 'तुझं बरोबर होतं गं. पण त्या दिवशी मला कुणी बरोबर नको होतं.'

प्रयोग उत्तम होता. पुढे दर वर्षी नववीच्या वर्गात केला. घरात पुन्हा केला नाही.

तुमची खरी भीती वेगळी आहे, की माफी मागितली तर तत्त्व गेलं. ही भीती पुण्याला जुनी आहे. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गेलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून सनातन्यांनी केवढं तरी प्रकरण उभं केलं. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं. चहात पाप आहे असं त्यांना वाटायला लागलं म्हणून नव्हे. बहिष्कारामुळे स्नेह्यांच्या घरांतून कुचंबणा चालली होती म्हणून. सुधारकांनी त्यांना सोलून काढलं. मला स्वतःला ते प्रायश्चित्त चालतं. पण त्याच रानड्यांनी १८७३ साली, पहिली पत्नी वारल्यावर, विधवेशी लग्न करण्याचं तत्त्व बाजूला ठेवलं आणि वडिलांच्या हट्टाखातर ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, ते मला आजही चालत नाही. ती मुलगी पुढे रमाबाई रानडे झाली हे तिचं कर्तृत्व. वडिलांचं मन राखलं रानड्यांनी, किंमत मोजायची होती दुसऱ्याच कुणी. म्हणून मी एवढंच बघते, की आपण नमतं घेतलं तर बिल कुणाच्या नावावर फाटतंय? घाटावर तुम्ही 'बाबा, आईला मी सांभाळीन' म्हणाला असता तर कुणाच्या खिशातून काय गेलं असतं? त्यात खोटं तर काहीच नव्हतं. आई तुमच्याच घरात राहते.

आणखी एक. नेत्रदानाच्या कागदावर सही करताना तुमच्या आईला आत्याबाईंचं बोलणं पटत नव्हतं असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. एकाहत्तरीच्या घरातली बाई, आयुष्यभर पूजाअर्चा केलेली, नवरा जाऊन दोन-तीन तास झालेले. पुढचा जन्म तिच्यासाठी पलीकडच्या गल्लीइतका खरा असणार. 'आंधळा येईल' हे ऐकून तिच्या पोटात गोळा आला असेल, आणि तरीही ती म्हणाली, 'त्याने सांगितलंय ना.' तुमचं तिला पटलं होतं असं ती कुठे म्हणाली? दहा दिवसांनी तिने तुमच्याकडे एक वाक्य मागितलं.

तेव्हा करायचं काय. कावळ्याची माफी मागू नका. 'कावळ्याबद्दल मी चुकलो' म्हणालात तर तुम्ही तिची समजूत काढताय हे तिला तत्काळ कळेल आणि अबोला आणखी वर्षभर लांबेल. तुम्ही चारचौघांत तिचं हसं केलंत, त्याची मागा. हसणारे दोघंतिघं कोण होते तेही तिला पाठ असेल. मग विचारा, बाबांचं माझ्यात काय अडकलं होतं? आणि त्यानंतर तोंड मिटून बसा. ती काय सांगेल ते मला माहीत नाही, कदाचित तुम्हाला असेल. मध्येच 'पण बाबांनीसुद्धा' असं वाक्य जिभेवर येईल. ते गिळा. निदान पहिल्या दिवशी.

वर्षश्राद्धाला विधीला बसू नका. तुम्हाला ते जमणार नाही, आणि नाटक आईलाही नको असेल. पण रजा घ्या. आदल्या दिवशीचा बाजार तुम्ही करा, आमसुलाची चटणी वाटा, वडे तळायला उभे राहा, पंगत वाढा. कुणी काका-मामा 'काय, आता पटलं वाटतं?' असं खवचटपणे विचारतीलच. त्यांना म्हणा, 'वडा घ्या.' शाळांमधले प्रयोग सोडू नका. ते काम पुष्कळ शिल्लक आहे.

आणि उद्या सकाळी अंघोळीला दहा मिनिटं उशिरा जा. गॅलरीत ती भात ठेवायला येईल तेव्हा तिथे असा. काही बोलायची गरज नाही. पेपर वाचत बसलात तरी चालेल.

प्रश्न : ताई, माझी जाऊ सातव्या महिन्यात आहे. डोळे पिवळे झालेत, अन्न जात नाही. सासूबाईंनी शेजारच्या वाडीतून कावीळ उतरवायची माळ आणून गळ्यात घातली आहे. माळ बेंबीच्या खाली गेली की कावीळ उतरली, म्हणतात. मी नर्सिंगचा कोर्स केलेला आहे. सगळ्यांसमोर माळेची युक्ती उलगडून सांगितली, तर सासूबाई इरेला पेटल्या. आता म्हणतात, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. काय करू?
— जुन्नर तालुक्यातून

उत्तर : हे पत्र ईमेलने आलं. अंकाची वाट बघण्यासारखं नव्हतं, त्याच संध्याकाळी मी या मुलीला फोन केला. इथे छापते ते तिच्या परवानगीने.

ती माळ ओल्या काड्यांची असते. काड्या सुकतात, बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. कावीळ असो नसो, लांबतेच. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ पुष्कळदा काही आठवड्यांत आपली आपण बरी होते, त्याचं श्रेय माळेला जातं. पण त्याच पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. कुठली कावीळ आहे ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. इथे सासूबाईंचं मन, जावेचं मन, माझं मन, सगळं नंतर.

मी फोनवर सांगितलं ते असं : माळेबद्दल एक अक्षर बोलू नकोस, गळ्यात तशीच राहू दे. गाडी बोलाव. सासूबाईंना म्हण, 'आई, उतार पडतोय का ते रक्तात बघून येऊ, तुम्हीही चला, तुमच्याशिवाय तिला धीर नाही.' ऐकल्या तर उत्तम. नाही ऐकल्या तर भांडून ने, दिराला सांग, गावच्या आशा सेविकेला बोलाव, आयुष्यभर राग धरला तरी चालेल. पण आधी गाडी.

सासूबाई गाडीत पुढे बसून गेल्या. डॉक्टरांनी माळ पाहिली आणि काही म्हटलं नाही (या डॉक्टरांना माझा दंडवत). अकरा दिवस दाखल होती, पुढे बाळंतपण नीट झालं. मुलगी आहे. सासूबाई सांगतात माळेने तारलं, थोरली सून सांगते सलाइनने. माळ म्हणे अजून तुळशीवृंदावनाच्या खिळ्याला आहे, पार जमिनीला टेकली.

त्या मुलीला मी नंतर एवढंच सुचवलं, की वाद जिंकायचाच असेल तर पाण्याचा जिंक. विहिरीत क्लोरीन टाकायला लाव. ती सासूबाईंना घेऊन ग्रामपंचायतीत गेली होती. दोघींनी मिळून सरपंचांना फैलावर घेतलं असं ऐकते.

प्रश्न : मागच्या अंकात उपासाच्या खिचडीवरून नवऱ्याशी वाद घालणाऱ्या बाईंना तुम्ही 'खिचडी करून द्या' असं सांगितलंत. ताई, तुम्ही मऊ झाला आहात. ज्या राज्यात डॉ. दाभोलकरांचा खून होतो तिथे असली सबुरी म्हणजे पळपुटेपणा.
— एक जुना वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांचा खून झाला तो पूल ओंकारेश्वराला लागूनच आहे, पहिल्या पत्रातल्या त्याच घाटाजवळ. २० ऑगस्ट २०१३. मी त्या पुलावरून जाताना अजून चाल मंद करते, त्यामुळे आठवण करून द्यायला नको होती.

डॉक्टरांच्या चळवळीने देव-धर्माला आमचा विरोध नाही, त्यांच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, हे किती वेळा सांगितलं असेल. त्यांच्या मागून त्याच वर्षी जो जादूटोणाविरोधी कायदा झाला तो वाचून बघा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना तो हात लावत नाही. साबुदाण्यालाही नाही. नवऱ्याने एकादशीला खिचडी खाल्ल्याने कुणाचं शोषण होत असेल तर ते खिचडी ढवळणाऱ्या बायकोचं, आणि म्हणून मी त्या उत्तरात पुढे 'दर दुसऱ्या एकादशीला त्यांनी करावी' असंही लिहिलं होतं. ते तुम्ही गाळलंत.

मऊ झाले आहे का? असेन. सासूबाई २००८ साली गेल्या. त्यांचा तो पितळी गणपती आता माझ्या पुस्तकांच्या कपाटात असतो. पूजा मला येत नाही, करतही नाही. गुरुवारी चिंच लावून घासते, कोरडा पुसते आणि परत ठेवते. दूध पाजत नाही.